अल-राझी : पडताळून पाहायला शिकवणारे हकीम

आपली मुलं शाळेत आम्ल आणि अल्कली शिकतात. यातला ‘अल्कली’ हा शब्द अरबी ‘अल-कली’वरून आलाय. कली म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. साबण आणि काच बनवायला ती लागायची. या कलीवर प्रयोग करून त्यांची कृती लिहून ठेवणारं मोठं नाव म्हणजे अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल-राझी.

त्यांचा जन्म सुमारे 865 साली इराणमधल्या रय शहरात झाला. जुन्या रयचे अवशेष आज तेहरानच्या दक्षिणेला आहेत. रय आणि बगदादच्या रुग्णालयांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखायचे, यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ज्यांच्याजवळ हकीम नाही, अशा लोकांसाठीही एक पुस्तक लिहिलं.

‘किताब अल-असरार’ म्हणजे गुपितांचं पुस्तक. पण त्यात भट्ट्या, भांडी, गाळण्याच्या आणि अर्क काढण्याच्या रीती उघडपणे दिल्यात. कली चुन्याबरोबर उकळून, गाळून जास्त तीव्र कशी करायची, हेही त्यात आहे. साध्या धातूचं सोनं होईल, असं त्यांनाही वाटायचं. सोनं काही झालं नाही, पण कामाची पद्धत मागे राहिली.

मेंदूच्या सुजेची लक्षणं असलेल्या रुग्णांचे त्यांनी एकदा दोन गट केले. एका गटाचं रक्त काढलं, दुसऱ्याचं मुद्दाम काढलं नाही. रक्त काढल्याने फायदा होतो, असं त्यांना वाटलं. आजचं वैद्यकशास्त्र ते मानत नाही. तरी तुलनेसाठी एक गट तसाच ठेवायचा, ही रीत आजही औषधांच्या चाचण्यांत वापरतात. ज्या गॅलनला ते गुरुस्थानी मानत, त्याच्या चुका दाखवणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं.

शेवटच्या काळात त्यांची दृष्टी गेली. सुमारे 925 साली रयमध्येच त्यांचं निधन झालं. पुढे अल-बिरुनींनी त्यांच्या पुस्तकांची यादी तयार केली.

त्यांची ही रीत आपण घरीच मुलांना दाखवू शकतो. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यावर तीन ठिकाणी थेंब टाका : लिंबाचा रस, साधं पाणी आणि कपड्याच्या साबणाचं दाट पाणी. लिंबू आम्ल आहे, तिथे कागद पिवळाच राहतो. साबण अल्कली आहे, तिथे तो लालसर होतो. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल का होतो, हे अम्मीला रोज दिसतं, त्याचं कारण हेच. आता त्या लाल डागावर लिंबू पिळा, रंग परत पिवळा होईल.

साध्या पाण्याचा थेंब मात्र वगळू नका. नुसतं ओलं झाल्याने रंग बदलत नाही, हे त्याच्यामुळेच कळतं. चुना आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. काय दिसलं, ते मुलांना वहीत लिहायला सांगा. अंदाज चुकला असेल, तर तोही लिहू द्या.