रॉबर्ट ओवेन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील सूतगिरण्यांत सहा-सात वर्षांची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत असत. फार थोड्यांना त्यात काही वावगे वाटे. लहान बोटांना तुटलेला धागा सांधणे सोपे जाते आणि मुलांना मजुरीही कमी द्यावी लागते, एवढाच हिशेब गिरणीमालक करीत. याच व्यवसायात राहून निराळा हिशेब मांडणारे मालक म्हणजे रॉबर्ट ओवेन.

ओवेन यांचा जन्म १४ मे १७७१ रोजी वेल्समधील न्यूटाऊन या छोट्या गावी झाला. त्यांचे वडील खोगिरे तयार करीत व लोखंडी सामान विकत. वयाच्या दहाव्या वर्षी रॉबर्टने घर सोडले आणि कापडाच्या दुकानात उमेदवारी पत्करली. शाळा सुटली, पण वाचनाची गोडी सुटली नाही. विशीच्या सुमारास मँचेस्टरमधील एका मोठ्या सूतगिरणीचा कारभार त्यांच्या हाती आला.

१७९९ साली ओवेन आणि त्यांच्या भागीदारांनी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या गिरण्या विकत घेतल्या. त्याच वर्षी गिरण्यांचे आधीचे मालक डेव्हिड डेल यांची कन्या कॅरोलाइन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. क्लाइड नदीच्या काठी वसलेल्या त्या गावात सुमारे दोन हजार लोक राहत. त्यांपैकी जवळजवळ पाचशे मुले एडिंबरो व ग्लासगो येथील अनाथालयांतून कामासाठी आणलेली होती. डेल मनाने उदार होते. मुलांना चांगले अन्न मिळे, रात्रीची शाळाही होती. परंतु दिवसभर यंत्रापाशी उभे राहून शिणलेले मूल रात्री काय शिकणार? हा अनुभव ओवेन यांच्या मनावर खोलवर उमटला. त्यांनी अनाथालयांतून मुले आणणे थांबवले आणि दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले.

गावाचा कायापालट एका दिवसात झाला नाही. प्रारंभी कामगार या परक्या माणसाकडे संशयाने पाहत. पुढे अमेरिकेतून येणारा कापूस बंद पडला आणि चार महिने यंत्रे थांबली. तरीही ओवेन यांनी सर्वांना पूर्ण वेतन दिले. त्यासाठी सात हजार पौंड खर्ची पडले. तेव्हा कोठे लोकांचा विश्वास बसला. चांगला माल घाऊक घेऊन स्वस्तात विकणारे दुकान गावात निघाले व त्याचा नफा शाळेकडे वळवण्यात आला. वेतनातील साठावा हिस्सा आजारपणाच्या निधीत जमा होऊ लागला.

शाळेच्या खर्चावरून मात्र भागीदारांशी खटके उडू लागले. त्यांना पैसा नफ्यासाठी हवा होता. वाद इतका विकोपाला गेला, की १८१३ मध्ये गिरण्यांचा लिलाव झाला. ओवेन यांनी नवे भागीदार मिळवले. त्यांत तत्त्वचिंतक जेरेमी बेंथॅम आणि दानशूर विल्यम ॲलन होते. भांडवलावर पाच टक्क्यांपेक्षा अधिक परतावा न घेता उरलेली रक्कम लोकहितासाठी वापरण्यास हे भागीदार तयार होते. १,१४,१०० पौंडांची बोली लावून ओवेन यांनी गिरण्या राखल्या. ते गावी परतले तेव्हा कामगारांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत नेली.

१ जानेवारी १८१६ रोजी शाळेची नवी इमारत खुली झाली. तेथे चालू लागलेल्या बालकांसाठीही वर्ग होता. ओवेन यांनी या वर्गासाठी विद्वान शिक्षक नेमले नाहीत. जेम्स ब्युकॅनन हा साधा विणकर आणि मॉली यंग ही सतरा वर्षांची गिरणीतील मुलगी यांच्या हाती त्यांनी मुले सोपवली. ब्युकॅननला लिहिणे-वाचणे जेमतेम येई. पण त्याच्यापाशी अपार सहनशीलता होती. मुलांना मारायचे नाही, धाकही घालायचा नाही, हा पहिला नियम होता. एवढ्या लहान वयात पुस्तकांचे ओझे नव्हते. भिंतींवर प्राण्यांची चित्रे व नकाशे लावले होते. मुले त्यांविषयी प्रश्न विचारत, गात, नाचत आणि हवा चांगली असेल तेव्हा अंगणात खेळत. पालकांकडून मुलामागे महिना तीन पेन्स घेतले जात. खर्चाच्या मानाने ही रक्कम नगण्य होती. परंतु आपले मूल धर्मादाय शाळेत जाते, असे कोणाला वाटू नये, यासाठी ती घेतली जाई.

मुले शाळेत असल्याने आया निर्धास्तपणे कामावर जात आणि गिरणीचाही लाभ होई, हे खरे. कारभारात कामगारांना फारसा आवाज नव्हता, हेही खरे. प्रत्येकाच्या यंत्राजवळ चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगलेला असे. समोर वळवलेल्या बाजूवरून आदल्या दिवशीचे वर्तन सर्वांना कळे. काळा रंग वाईट, पांढरा उत्तम. ओवेन पित्याप्रमाणे वागत; पित्याची हुकमतही गाजवत.

बालकामगारांसाठी कायदा व्हावा म्हणून त्यांनी संसदेत पाठपुरावा केला. १८१९ चा कायदा झाला, पण पुष्कळच पातळ होऊन. इकडे ॲलन यांना शाळेतील नाचगाणे खटकू लागले आणि धर्मशिक्षण कमी पडते असे वाटू लागले. १८२४ मध्ये नृत्यशिक्षकाला काढण्यात आले. ओवेन यांचे मन तेथून उठले. पुढच्या वर्षी अमेरिकेत इंडियाना येथे त्यांनी न्यू हार्मनी ही सामुदायिक वसाहत उभारली. ती दोन-तीन वर्षांतच मोडली आणि त्यांची बहुतेक संपत्ती तिच्यात बुडाली.

तोवर ब्युकॅनन लंडनला जाऊन तेथे बालशाळा चालवू लागला होता. ओवेन वृद्धापकाळी न्यूटाऊनला परतले आणि १७ नोव्हेंबर १८५८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ मध्ये बंद पडल्या. २००१ साली त्या गावाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. ओवेन यांच्या शाळेची इमारत तेथे उभी आहे.