नवस फेडणारे सामाजी दिवेकर

जांबोटी : कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलघाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातलेच सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस ते बोलले होते, असं सांगतात. सुटका झाली आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पण दर शनिवारी वाचायला तोराची गुंडाळी हवी होती. त्या कामासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

तोराच्या मत्तोत या साप्ताहिक पाठाची शिकवण हीच : तोंडातून गेलेला नवस मोडू नये. अडचणीत नवस सगळेच बोलतात. सामाजी सुटल्यावरही विसरले नाहीत. मुंबईतल्या सॅम्युएल स्ट्रीटला नाव पडलं ते त्यांचंच.