गोलकीपर ए. सी. स्मिथ

शेरलॉक होम्स ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. कुणी त्याला मराठी अनुवादातून भेटलेलं असतं, कुणी टीव्हीवरच्या मालिकेतून, तर कुणी थेट इंग्रजीतून. त्याला जन्म देणारे सर आर्थर कॉनन डॉयल हेही निदान नावाने सगळ्यांना माहीत असतात. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथला लागून असलेल्या साउथसी या छोट्या गावात राहून हाच माणूस एका हौशी फुटबॉल संघाचा गोलकीपर होता, आणि तोही ए. सी. स्मिथ असं दुसरंच नाव लावून, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. परक्या गावात जाऊन बस्तान बसवणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्या देशाबाहेर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून डॉयल यांच्या आयुष्याची गोष्ट या बाजूने सांगावीशी वाटली.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी एडिंबरा इथे झाला. घराणं मूळचं आयरिश आणि कॅथलिक, म्हणजे स्कॉटलंडमध्ये तसं उपरंच. वडील चार्ल्स सरकारी नोकरीत होते आणि चित्रंही छान काढत. पण दारूच्या व्यसनापायी ते हळूहळू कामातून गेले आणि अखेरची बरीच वर्षं त्यांना संस्थांमध्ये ठेवावं लागलं. संसाराचा गाडा आई मेरी यांनी ओढला. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मुलाला शिकवलं. एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरी शिकताना त्यांना डॉ. जोसेफ बेल हे शिक्षक लाभले. रोगी समोर येऊन बसला की त्याचे हात, चाल आणि कपडे पाहून तो काय काम करतो, कुठून आला, हे बेल सांगून टाकत. पुढे होम्स घडला तो या गुरूवरून. शिकता शिकता पैसे कमावण्यासाठी १८८० साली डॉयल व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून आर्क्टिकला गेले, आणि पदवी मिळाल्यावर दुसऱ्या एका जहाजावरून पश्चिम आफ्रिकेलाही जाऊन आले.

१८८२ साली प्लिमथमध्ये एका जुन्या मित्राबरोबर त्यांनी भागीदारीत दवाखाना चालवून पाहिला, पण ते जमलं नाही. मग त्याच वर्षी जूनमध्ये हा २३ वर्षांचा डॉक्टर एकटाच पोर्ट्समथला उतरला. खिशात दहा पौंडही नव्हते आणि गावात ओळखीचं कुणी नव्हतं. लंडनचे काका चांगले नावाजलेले होते. त्यांच्या ओळखीने कॅथलिक मंडळींत शिरकाव झाला असता आणि रोगीही मिळाले असते. पण डॉयल यांचा त्या धर्मावरचा विश्वास उडालेला होता. ज्यावर श्रद्धा नाही त्याच्या नावावर पोट भरायचं नाही, असं ठरवून त्यांनी तो रस्ता स्वतःच बंद केला.

साउथसीच्या एल्म ग्रोव्ह रस्त्यावर, एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला हॉटेल अशा जागी त्यांनी घर भाड्याने घेतलं. रोग्यांना दिसेल तेवढी समोरची खोली जुन्या सामानाने सजवली आणि बाकीचं घर जवळजवळ रिकामंच ठेवलं. दारावरची पितळी पाटी ते रात्री, लोकांची ये-जा थांबल्यावर, स्वतः घासत. डॉक्टरकडे नोकर नाही हे गावाला कळता कामा नये! काही दिवसांनी इन्स हा नऊ-दहा वर्षांचा धाकटा भाऊ सोबतीला आला. पहिल्या वर्षाची कमाई झाली १५४ पौंड. डॉक्टरच्या मानाने ती इतकी कमी होती की आयकर भरण्याचा प्रश्नच आला नाही.

नव्या डॉक्टरकडे लोकांनी यावं कसं? जाहिरात करणं डॉक्टरी पेशाला शोभत नसे. म्हणजे ओळखी वाढवायच्या, आणि त्या घरात बसून वाढत नाहीत. शेजारच्या हॉटेलजवळ बोलिंग ग्रीन होतं, तिथे ते खेळायला जाऊ लागले. क्रिकेट खेळू लागले आणि पुढे पोर्ट्समथ क्रिकेट क्लबचे कप्तान झाले. साहित्य आणि विज्ञान मंडळात गेले, व्याख्यानं दिली, चिटणीसपदाचं कामही अंगावर घेतलं. त्याच मंडळात जेम्स वॉटसन नावाचे एक डॉक्टर होते. होम्सच्या मित्राचं नाव बहुधा तिथूनच आलं.

आणि १८८४ साली पोर्ट्समथ असोसिएशन फुटबॉल क्लब निघाला, तेव्हा पहिल्या खेळाडूंत डॉयल होते. सहा फुटांहून उंच आणि अंगापिंडाने भरभक्कम, त्यामुळे गोलमध्ये उभं करायला असा गडी हवाच. पुढे ते फुलबॅक म्हणूनही खेळले. मात्र संघाच्या यादीत नाव असे ए. सी. स्मिथ. शनिवारी चिखलात लोळणाऱ्या डॉक्टरवर सोमवारी रोगी विश्वास ठेवतील का, ही धास्ती त्यामागे असावी असं मानलं जातं. अर्थात लहान गावात एवढा धिप्पाड माणूस नाव बदलून किती लपणार?

तेव्हाचा खेळ आजच्यासारखा नव्हता. गोलला जाळी नसे आणि पेनल्टीचा नियमही नव्हता. दोन्ही गोष्टी १८९१ साली आल्या. गोलकीपरला खांद्याने धक्का मारून चेंडूसकट आत ढकलणं नियमात बसत असे. फुटबॉल खेळून पैसे घ्यायला इंग्लंडमध्ये परवानगी मिळाली ती १८८५ साली, आणि १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात बाराच क्लब होते, सगळे उत्तरेकडचे नाहीतर मध्य इंग्लंडचे. दक्षिण किनाऱ्यावरचा एकही नव्हता. म्हणजे साउथसीच्या या मंडळींना ना पगार, ना लीग. नोकरीधंदा सांभाळून स्वतःच्या हौसेने खेळायचं आणि आसपासच्या संघांशी सामने ठरवायचे. आपल्या मंडळाचा गणपती किंवा नाटक ज्या हौसेवर उभं राहतं, अगदी तीच ही हौस.

या आठ वर्षांत डॉयल यांचं आयुष्य मार्गी लागलं. १८८५ च्या मार्चमध्ये जॅक हॉकिन्स नावाच्या तरुण रोग्याला त्यांनी उपचारासाठी घरीच ठेवून घेतलं. मेंदूज्वराने तो काही दिवसांतच गेला. नव्या डॉक्टरच्या घरातच रोगी दगावणं म्हणजे प्रॅक्टिस बुडायचीच वेळ, पण गावाने त्यांना दोष दिला नाही. त्याच दुःखातून जॅकची बहीण लुईझा हिच्याशी ओळख वाढली आणि ऑगस्टमध्ये दोघांचं लग्न झालं. एम.डी.ची पदवीही त्याच वर्षी मिळाली.

रोग्यांची वाट पाहता पाहता लिखाण चालू होतंच. १८८६ साली त्यांनी काही आठवड्यांत एक छोटी कादंबरी लिहिली, ‘अ स्टडी इन स्कार्लेट’. अनेकांनी ती परत पाठवली. शेवटी एका प्रकाशकाने सगळे हक्क घेऊन २५ पौंड हातावर ठेवले. ती छापून आली १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’मध्ये. म्हणजे शेरलॉक होम्स पहिल्यांदा लोकांसमोर आला तो सणाच्या वार्षिक अंकातून! आपल्याकडे ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तो त्यानंतर २२ वर्षांनी, १९०९ साली. गंमत म्हणजे या कथेतला डॉ. वॉटसन लष्करात भरती होऊन आधी मुंबईला उतरतो, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जखमी होतो आणि परत येतो तो पोर्ट्समथच्या धक्क्यावर. लेखकाने आपल्याच गावाचा किनारा त्याला दिला.

१८९० च्या अखेरीस डॉयल यांनी साउथसी सोडलं. व्हिएन्नाला थोडा काळ डोळ्यांचा अभ्यास करून ते लंडनला नेत्रतज्ज्ञ म्हणून बसले, पण रोगी काही फिरकले नाहीत. १८९१ च्या जुलैपासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या कथा येऊ लागल्या आणि डॉक्टरी कायमची सुटली. पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. १८९३ साली त्यांनी कंटाळून होम्सला धबधब्यात ढकलून मारलं आणि दहा वर्षांनी, १९०३ साली, वाचकांपुढे मान तुकवून परत आणलं. मैदान मात्र सुटलं नाही. १९०० साली त्यांनी क्रिकेटच्या सामन्यात खुद्द डब्ल्यू. जी. ग्रेस यांची विकेट काढली. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतली त्यांची ती एकमेव विकेट. त्याच वर्षी बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या इस्पितळात त्यांनी काम केलं. १९०२ साली ते ‘सर’ झाले.

आता या कथेतला मुंबईचा धागा. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडला आले आणि स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली गावचे पाद्री झाले. पत्नी इंग्रज होती. गावाने या कुटुंबाला कधी आपलं म्हटलं नाही. वर्षानुवर्षं निनावी, घाणेरडी पत्रं येत राहिली. १९०३ साली गावात रात्री जनावरांना भोसकण्याचे प्रकार सुरू झाले आणि संशय घेतला गेला तो पाद्र्याच्या मुलावर, बर्मिंगहॅममध्ये वकिली करणाऱ्या जॉर्जवर. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. दहा हजार लोकांनी सह्या करून दाद मागितली. तीन वर्षांनी त्याला सोडलं, पण निर्दोष म्हणून नव्हे. वकिलीची सनद तर गेलेलीच होती.

लुईझा वर्षानुवर्षं क्षयाने आजारी होती, ती जुलै १९०६ मध्ये गेली. त्या दुःखात असताना जॉर्जचं प्रकरण डॉयल यांच्या हाती आलं. १९०७ च्या जानेवारीत ते लंडनच्या एका हॉटेलात त्याला भेटायला गेले, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून, तिरकं करून वाचत होता. डोळ्यांचा अभ्यास केलेल्या डॉक्टरला एवढं पुरेसं होतं. ज्याला दिवसा समोरचं नीट दिसत नाही, तो काळोखात शेतं आणि रेल्वेचे रूळ ओलांडून जनावरं भोसकायला जाईल कसा? ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लेख लिहून त्यांनी पुराव्याच्या चिंध्या केल्या आणि यामागे वर्णद्वेष आहे हेही स्पष्ट मांडलं. मे महिन्यात सरकारने जॉर्जला माफी दिली. पण ती निनावी पत्रं त्यानेच लिहिली असावीत असा ठपका ठेवून भरपाई एका पैशाची दिली नाही. वकिली करण्याचा हक्क मात्र परत मिळाला. इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन झालं ते त्याच वर्षी, आणि त्याला या प्रकरणाचाही हातभार लागला. सप्टेंबरमध्ये डॉयल यांनी जीन लेकी यांच्याशी दुसरं लग्न केलं, तेव्हा पाहुण्यांत जॉर्ज एदलजी होता.

डॉयल आणि एदलजी, दोघेही परक्या गावात आलेले. पण एकाला आठ वर्षांत गावाने कप्तान केलं, चिटणीस केलं, त्याच्या घरात रोगी दगावला तरी सांभाळून घेतलं. दुसरे जवळजवळ तीस वर्षं त्याच गावाची लग्नं लावत आणि मर्तिकं उरकत होते, तरी शेवटी उपरेच राहिले. मिसळून गेलं की गाव आपलं म्हणतं, हा सल्ला आपण मुलांना सर्रास देतो. तो खोटा नाही, पण पुरताही नाही. डॉयल यांनी दार ठोठावलं हे खरं, पण ते उघडलं त्यात त्यांच्या रंगाचा वाटा होता. ते त्यांना उमगलं असावं, कारण एदलजींसाठी त्यांनी लिहिलं ते भीक मागितल्यासारखं नव्हे, हक्क मागितल्यासारखं. पुढे ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू माणसासाठीही ते असेच वर्षानुवर्षं झगडले. खुनाच्या आरोपाखाली १८ वर्षं शिक्षा भोगून तो १९२७ साली सुटला.

शेवटची वर्षं हळवी गेली. मुलगा किंग्जली १९१८ साली गेला आणि साउथसीला सोबत आलेला इन्स १९१९ साली. मृतात्म्यांशी बोलता येतं या श्रद्धेपायी डॉयल देशोदेशी हिंडले, पऱ्यांच्या खोट्या फोटोंवरही त्यांनी विश्वास ठेवला आणि जगाने थट्टा केली. ७ जुलै १९३० रोजी क्रोबरो इथे त्यांचं निधन झालं.

त्यांचा फुटबॉल क्लब त्याआधीच, १८९६ साली, मोडला होता. आजचा पोर्ट्समथ फुटबॉल क्लब १८९८ साली निघालेला, निराळा. डॉयल त्याचे पहिले गोलकीपर होते असं अजून ऐकायला मिळतं, पण ते खरं नाही. एल्म ग्रोव्हवरचं घर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेलं. तरी साउथसीला फिरायला गेलात तर समुद्रावरून परतताना त्या रस्त्यावर जरूर वळा. होम्सचा जन्म झाला तो या रस्त्यावर, बेकर स्ट्रीटला नव्हे.