पंडिता रमाबाई व अंध मुलींचे शिक्षण

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. परंतु या विदुषीस कानांनी कमी ऐकू येत असे, हे थोड्यांसच विदित आहे.

बाईंचा जन्म १८५८ साली झाला. मातोश्री लक्ष्मीबाईंनी त्यांस संस्कृत तोंडी शिकविले, आणि भागवताचे हजारो श्लोक बाईंनी ऐकून ऐकूनच मुखोद्गत केले. ज्या कानांच्या द्वारे ही विद्या आली तेच पुढे मंद झाले. १८८३ साली बाई वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. पण ऐकू कमी येते म्हणून तो मार्ग त्यांस बंद झाला.

तथापि बाई खचल्या नाहीत. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या व तेथे फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धती त्यांनी अभ्यासिली. वस्तू मुलाच्या हाती द्यावी, त्याने ती चाचपावी, मोजावी, रचावी, व असे करता करता शिकावे, हा तिचा क्रम होय. १८८९ साली मुंबईस शारदा सदन निघाले, तेथे बाईंनी ही रीत चालू केली.

पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांत घोर दुष्काळ पडले. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराश्रित मुली आल्या. त्यांत काही अंध होत्या. पंचवटीसारख्या क्षेत्री अंधाने घाटावर बसून हात पसरावा, अशी तेव्हाची रूढी. बाईंनी मात्र या मुलींस शाळेत बसविले. त्यांची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या होत्या. सहा ठिपक्यांच्या मांडणीतून अक्षरे होतात. ती कागदावर उठविलेली असतात व बोटांनी वाचितात. त्या लिपीने मनोरमाबाईंनी अंध मुलींस वाचावयास शिकविले. शिवाय टोपल्या विणण्यासारखे हातकामही त्यांस मिळाले. १९२१ साली मनोरमाबाई, व १९२२ च्या एप्रिलात बाई निवर्तल्या.

वाचकहो, आपल्या गावच्या शाळेतही असे एखादे मूल असेल. त्यास मंद म्हणून मागे बसवू नये. ज्यास कमी ऐकू येते त्यास पुढे बसवून, त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे. ज्यास दिसत नाही त्याच्या हाती वस्तू द्यावी. साधारण शाळेत अशा मुलास जागा मिळावी, असे २०१६ च्या कायद्यानेही सांगितले आहे. ती जागा प्रेमाने देणे मात्र आम्हां सर्वांकडे आहे.