विश्लेषण : दोन चंद्रांचा लघुग्रह मद्रासमधून शोधणारे नॉर्मन पॉगसन कोण होते?

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात ‘८७ सिल्व्हिया’ फिरतो. व्यास सुमारे २७० किलोमीटर. दोन चंद्र असल्याचे आढळलेला हा पहिला लघुग्रह. तो १६ मे १८६६ रोजी आजच्या चेन्नईतून सापडला. शोधणारे होते मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन.

ताऱ्यांच्या तेजाचे गणित

पॉगसन यांचा जन्म १८२९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत सहायक असताना, १८५६ मध्ये त्यांना ‘४२ आयसिस’ हा पहिला लघुग्रह सापडला. त्यांच्या मुलीचे नावही आयसिसच.

त्याच वर्षी त्यांनी ताऱ्यांच्या ‘प्रती’चे गणित पक्के केले. डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचे सहा वर्ग ग्रीक काळापासून होते, पण त्यांतला फरक अंदाजाने ठरे. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक, असे पॉगसन यांनी सुचवले. म्हणजे एका प्रतीला २.५१२ पट. जगभरातील खगोलशास्त्रज्ञ आजही हेच प्रमाण वापरतात.

मद्रासमधली तीस वर्षे

फेब्रुवारी १८६१ मध्ये ते मद्रासला रुजू झाले आणि १७ एप्रिललाच त्यांना नवा लघुग्रह दिसला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला, म्हणून नाव ‘६७ एशिया’. छायाचित्रावरून लघुग्रह शोधणे तेव्हा सुरू व्हायचे होते. दुर्बिणीला डोळा लावून नकाशाशी तारे ताडायचे आणि नकाशात नसलेला ठिपका पुढच्या रात्रींत सरकतो का ते पाहायचे, हीच पद्धत. अशा चिकाटीतून त्यांनी एकूण आठ लघुग्रह शोधले, त्यांपैकी पाच मद्रासमधून.

सोबत मोजकेच सहकारी होते. त्यांतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये ‘आर रेटिक्युली’ हा तेज बदलणारा तारा शोधला. मुलगी आयसिसही १८७३ पासून वेधशाळेत सहायक होती. १८८६ मध्ये पॉगसन यांनी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचे नाव सुचवले. पण संस्थेच्या सनदेत सदस्यासाठी पुरुषवाचक सर्वनाम होते आणि तेवढ्यावरून ते मागे घ्यावे लागले! आयसिस यांना सदस्यत्व मिळाले ते १९२० मध्ये. ते पाहायला वडील नव्हते. १८९१ मध्येच मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले होते.

‘सिल्व्हिया’ आतून पोकळ?

पॉगसन यांना दिसला होता तो फक्त ठिपका. प्रत्यक्षात सिल्व्हिया बटाट्यासारखा लांबट आहे. स्वतःभोवतीची फेरी सुमारे ५ तास ११ मिनिटांत आणि सूर्याभोवतीची साडेसहा वर्षांत पूर्ण होते.

खरी माहिती चंद्रांनी दिली. पहिला, ‘रोम्युलस’, २००१ मध्ये हवाईतील केक दुर्बिणीतून सापडला. दुसरा, ‘रेमस’, चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीतून. त्याची घोषणा २००५ मध्ये झाली. रोमन पुराणकथेत ही रिया सिल्व्हियाची जुळी मुले. रोम्युलस सुमारे १,३५० किलोमीटरवरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात फेरी मारतो. चंद्राचे अंतर आणि फेरीचा काळ कळला, की मधल्या लघुग्रहाचे वस्तुमान काढता येते. त्याला आकारमानाने भागले, की घनता. ती पाण्याच्या दीडपटीहूनही कमी निघाली. एकसंध खडकाची घनता याच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे सिल्व्हिया म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेला, आत बऱ्याच पोकळ्या असलेला ढिगारा असावा, असे मानले जाते.

पॉगसन यांनी मद्रासमधूनच १८६८ मध्ये शोधलेल्या ‘१०७ कॅमिला’लाही दोन चंद्र आहेत. दुसऱ्याची घोषणा २०१६ मध्ये झाली.