विल्यम गॉसेट: बार्लीच्या प्लॉटमधून ‘टी-टेस्ट’ देणारा माणूस

नवीन वाण चार प्लॉटमध्ये जास्त उतरला, तर तो वाणाचा गुण की जमिनीचा? पीक प्रात्यक्षिक घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. त्याचे गणित बसवले ते बिअरच्या कारखान्यातील एका नोकरदाराने.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकून १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागले. कंपनीला उत्तम बार्ली हवी होती, पण चाचण्यांचे आकडे मोजकेच मिळत. तेव्हाची संख्याशास्त्राची सूत्रे मात्र शेकडो नोंदी गृहीत धरून केलेली. १९०६-०७ मध्ये त्यांनी लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे अभ्यास केला. ३००० कैद्यांची उंची व बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, पिसून, चार-चारचे ७५० गट पाडले आणि आपले सूत्र तपासले. १९०८ मध्ये हा लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला गेला, कारण कंपनी खऱ्या नावाने लिहू देत नसे.

त्या लेखातले एक उदाहरण रुग्णांचे आहे. १० रुग्णांना झोपेची दोन औषधे वेगवेगळ्या रात्री दिली होती. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. गॉसेट यांनी प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच केली. नऊ जणांना दुसरे औषध सरस ठरले, एकाला दोन्ही सारखीच. म्हणून दहाच रुग्ण पुरले. हेच आकडे दोन वेगळ्या गटांचे मानले, तर माणसामाणसांतील फरकात औषधाचा फरक झाकला जातो आणि जास्त रुग्ण लागतात. शेजारच्या दोन पट्ट्यांत दोन वाण पेरून तुलना करतात, ती याच हिशेबाने. पेरणी यंत्राच्या अर्ध्या भागात एक वाण, अर्ध्या भागात दुसरा, ही पद्धत गॉसेट यांना फार पसंत होती.

नुसती संख्या वाढवून भागत नाही, हे १९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनर्कशायरमध्ये दिसले. २०,००० शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना चार महिने रोज दूध दिले. पण निवड झाल्यावर शिक्षकांना मुले बदलण्याची मुभा होती. दूध न मिळालेला गट सुरुवातीलाच उंच आणि वजनदार निघाला. कुपोषित मुलांना दूध मिळावे, असे शिक्षकांना वाटले असणार. शिवाय वजने कपड्यांसकट, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात घेतलेली! जुळ्या मुलांच्या ५० सारख्या जोड्या घेतल्या असत्या, तर अगदी थोड्या खर्चात अधिक भरवशाचे उत्तर मिळाले असते, असे गॉसेट यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले.

प्लॉटची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी, असा रोनाल्ड फिशर यांचा आग्रह होता. गॉसेट यांना जमिनीचा चढ-उतार बघून समतोल मांडणी बरी वाटे. मैत्री असूनही हा वाद मिटला नाही. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी गॉसेट वारले; याच वादावरचा त्यांचा लेख पुढच्या वर्षी छापून आला.