तनखा बंद झाला त्याच काळात सावंतवाडीच्या राजाने दरबारात कारखाना काढला

माळेगावच्या यात्रेत नाहीतर लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत गेलात की पोळपाट-लाटणं, भोवरे आणि कुंकवाचे करंडे मांडलेलं दुकान दिसतंच. यातलं लाटणं, भोवरा, करंडा हे सगळं लाकूड गरगर फिरवून, कातून केलेलं. आपल्याकडे त्या यंत्राला कुणी खराद म्हणतं, कुणी सरळ लेथ. ही कला राज्यात जिच्यामुळे नावाजली ती सावंतवाडी मात्र मराठवाड्यापासून लांब, पार तळकोकणात आहे. आणि तिथली ही कला टिकण्यात शिवरामराजे भोसले यांचा मोठा वाटा आहे.

शिवरामराजांचा जन्म १९२७ चा. वडील पंचम खेमराज, म्हणजे लोकांचे बापूसाहेब महाराज, १९३७ मध्ये वारले, तेव्हा शिवरामराजे लहानच होते. गादी मिळाली, पण कारभार आईने पाहिला. वयात येईपर्यंत तर राज्य जायचीच वेळ आली. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

पुढे ते आमदार झाले. पण आपली गोष्ट राजकारणाची नाही.

सावंतवाडीत सतराव्या-अठराव्या शतकापासून लाखकाम चालायचं. हे काम होतं कसं, ते आधी बघू. पांगाऱ्यासारखं मऊ, हलकं लाकूड फिरत्या यंत्रावर चढवायचं आणि धारदार हत्याराने बाहेरून आकार द्यायचा. डबा किंवा करंडा असेल तर मग तोंडातून हत्यार घालून आतून कोरायचं. खरी कसोटी इथे. तोंड अरुंद असेल तर आतलं हत्यार दिसत नाही, हाताला लागणाऱ्या कंपावरून आणि आवाजावरून अंदाज घ्यावा लागतो. जरा जास्त गेलं की भांड्याला भोक. भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहिली तर लाकूड वाळताना ओढलं जातं आणि तडकतं.

आकार झाला की फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर चढत जाते. शेवटी केवड्याच्या पानाने घासलं की चकाकी येते.

जगातले बरेच कातारी लाकडाची नैसर्गिक नक्षी दिसावी म्हणून भांड्याला नुसतं तेल लावतात. किनवटचा साग बघितलेल्या माणसाला ते पटेलही. सावंतवाडीने उलटं केलं. साधं लाकूड घेतलं, ते लाखेखाली झाकलं आणि नक्षी वरून हाताने काढली.

ही नक्षी काढणारे ते चितारी. गावातली चितार आळी त्यांचीच. गंजिफाही तेच बनवायचे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, असे एकूण १२० पत्ते. पण छापील पत्ते स्वस्त झाले, डब्या-खेळण्यांत प्लॅस्टिक आलं आणि राजाश्रय गेला. १९७० च्या आसपास जुन्या पद्धतीने गंजिफा बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. त्यांतले एक म्हणजे वयोवृद्ध पुंडलिक चितारी. त्यांच्यासोबत ही विद्याही जाणार, हे दिसत होतं.

इथे शिवरामराजांनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. एखादा राजा काय करेल? शाल देईल, सत्कार करेल, फोटो काढेल. शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी (बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या) यांनी पुंडलिक चिताऱ्यांकडून ही कला स्वतः शिकून घेतली. एकेकाळी ज्या घराण्याच्या आश्रयावर चितारी जगले, त्याच घराण्यातले दोघं चिताऱ्याचे विद्यार्थी झाले.

१९७१ मध्ये सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केले. त्याच सुमाराला राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. तरुण मुलामुलींना शिकवायला घेतलं. गंजिफाबरोबर डबे, पेट्या, पाट, खुर्च्या असं रंगकाम होऊ लागलं, कारण नुसत्या गंजिफावर पोट भरणार नव्हतं. पत्ते खेळायला कुणी घेत नाही म्हटल्यावर ते संग्राहकांना विकले. हा हिशेब राजांना कळला होता. दान देऊन कला चार दिवस जगते, गिऱ्हाईक मिळालं तर कारागीर उद्याही कामावर येतो.

याला एक दुसरी बाजूही आहे. राजवाड्यात रंगकाम वाचलं, त्याला नाव आणि दाम मिळाला. बाजारात लाकूड कातणाऱ्याचं नाव मात्र आजही कुणी विचारत नाही. करंड्यावरची वेलबुट्टी सगळे बघतात, त्याखालची गोलाई कुणी काढली हे फारसं कुणी बघत नाही.

शिवरामराजे १९९५ मध्ये गेले. त्यानंतर सत्वशीलादेवींनी २०१८ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, हे काम सांभाळलं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये पर्यटक जातात तेव्हा तिथे जमिनीवर बसलेले कारागीर दिसतात, मान खाली घालून बारीक कुंचल्याने मत्स्य, कूर्म, वराह रंगवताना.